गोधडी : माजघरातून संग्रहालयात

राहात्यासह अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या गावोगावी गोधडी शिवणे हे बायकांच्या हातचे काम. विटलेली लुगडी, धोतरे, साड्या यांचे थर जमिनीवर ताणून अंथरायचे, वर रंगीत ठिगळे जुळवायची आणि जाड सुईने धावदोरा घालायचा. टाके बहुधा कडेने सुरू होतात आणि चौकोनात चौकोन करत मध्याशी येऊन थांबतात. दोरा ओढला की कापडावर बारीक सुरकुत्या उमटतात. गोधडीचा टिकाऊपणा या दाट टाक्यांत आहे, ठिगळांच्या नक्षीत नव्हे.

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे १९९७ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालयात महाराष्ट्रातल्या गोधड्या जतन केल्या आहेत. घरगुती वस्तू जपण्याचे असे काम आपल्याकडेही झाले: पुण्यात संग्राहक दिनकर केळकरांनी पत्नी कमलाबाईंच्या साथीने दिवे, अडकित्ते, भांडी, वस्त्रे अशा नित्य वापराच्या वस्तू जमवल्या. तो संग्रह १९७५ साली राज्य शासनाकडे आला.

घरगुती हस्तकलेच्या जुन्या वस्तूंवर कारागिराचे नाव क्वचितच सापडते. बाई असेल तर त्याहून कमी. घरात आजीची गोधडी असल्यास मागच्या बाजूला कापडी पट्टी टाचून तिचे नाव, गाव आणि साल जरूर लिहून ठेवावे.