नावरस नाव, भाकित आणि कौल

घाटकोपरच्या बहुतेक इमारतींत मराठी आणि गुजराती दारे समोरासमोर असतात, त्यामुळे बाळ कुणाकडेही जन्मले तरी नावाची चर्चा दोन्ही घरांत होते. गुजराती घरात नाव ठेवण्याचा मान फईचा, मराठी घरात आत्याचा. गुजराती घरात मात्र आधी रास विचारतात. मेष असेल तर अ, ल, ई. कर्क असेल तर ड किंवा ह. बारा राशींत अक्षरांची वाटणी झाली की काम सोपे. मराठी पत्रिका त्याहून बारकाईत शिरते. 27 नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून 108 आद्याक्षरे. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. ज्या चरणावर जन्म, त्या अक्षराचे ते 'नावरस नाव'.

या तक्त्याला 'अवकहडा चक्र' म्हणतात. शब्द मंत्रासारखा वाटतो, पण ती नुसती आद्याक्षरे आहेत : कृत्तिकेचा अ, रोहिणीचा व, मृगाचा क, पुनर्वसूचा ह, पुष्याचा ड. आज नक्षत्रे अश्विनीपासून मोजतात, वेदकाळातली यादी कृत्तिकेपासून सुरू होई. हा तक्ताही कृत्तिकेपासूनच निघतो. आर्द्रेला ङ आणि हस्ताला ण देणाऱ्याने त्या अक्षराने सुरू होणारे एक तरी नाव सांगायला हवे होते!

नावरस नाव पत्रिकेत राहायचे आणि हाक मारायला दुसरे, ही पद्धतही जुनी. मुंजीपर्यंत मुलाचे एक नाव फक्त आईबापांना ठाऊक असावे, असे आश्वलायन गृह्यसूत्र सांगते. बारसे म्हणजे बारावा दिवस. मनुस्मृती दहावा किंवा बारावा सांगते. त्याआधी पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लेख लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. म्हणजे भविष्य आधी आणि नाव नंतर. आत्या कानात 'कुर्र' करते तेव्हा सटवाईचे काम आटोपलेले असते.

त्या लेखाला चकवण्यासाठीही नावे ठेवली जात. मुले जगत नसत त्या घरात धोंडू, दगडू, केरू, भिकाजी जन्मत; नावच असे ठेवायचे की वाईट नजर त्याच्याकडे वळू नये. यात निदान मायेची धडपड आहे. 'नकुशी'त तीही नाही. पुढचा मुलगा व्हावा म्हणून या मुलीला नकोशी म्हणायचे. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात अशा 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. आपल्या नामकरणाच्या इतिहासातला मला तरी हा सर्वांत चांगला प्रसंग वाटतो.

आता भविष्याचे शब्द. यांतले बरेचसे बोलण्यातून आले आहेत. भाकणे म्हणजे बोलणे, विनवणे. करुणा भाकतात तसे भविष्यही भाकतात, आणि त्यातून भाकित. कौल अरबीतला, मूळ अर्थ शब्द, वचन. भटवाडी-असल्फ्यातला कोकणी माणूस गावी गेला की देवाला गाऱ्हाणे घालून कौल लावतो, देवाच्या अंगावरची कळी उजवीकडून पडते की डावीकडून ते पाहतो. मुंबईत परतला की वर्तमानपत्रात मतदारांचा कौल वाचतो. रमलही अरबीतला, अर्थ वाळू. होरा ग्रीकांचा, वराहमिहिराने मात्र 'अहोरात्र'मधले पहिले आणि शेवटचे अक्षर गाळून तो शब्द संस्कृतात बसवल्याचे मत नोंदवले आहे. हुशारी कबूल, व्युत्पत्ती नव्हे. आणि शकुन म्हणजे मुळात पक्षी. पहाटे कुडमुडे वाजवत येणारा पिंगळा जोशी घुबडातल्या त्या लहानग्या जातीचे नाव लावतो आणि तिची भाषा कळते असे सांगतो, हे मग नवल वाटत नाही.

भाकिताचे आणि मराठीचे नाते तर पार आरंभापासूनचे आहे. अकराव्या शतकात विदर्भातल्या श्रीपती या ज्योतिषाने आपल्याच 'ज्योतिषरत्नमाला' या संस्कृत ग्रंथावर मराठीत टीका लिहिली. मराठी गद्याच्या अगदी जुन्या नमुन्यांत तिची गणना होते. त्याच विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला, अक्षय्य तृतीयेला शेतात घट मांडून धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे पाऊस-पिकांचे भाकित सांगतात. वऱ्हाडातले शेतकरी ते ऐकायला आजही जमतात.

शब्द टिकले, म्हणून दावे टिकतात असे नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह पुण्यात ज्योतिषाची चाचणी घेतली. 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या, 27 ज्योतिषांना प्रत्येकी 40 दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरे सरासरी 46 टक्के आली. नाणे उडवले असते तर निम्मी आली असती.

म्हणून पत्रिका जाळा, असे मात्र मी म्हणणार नाही. पंतनगरच्या म्हाडा वसाहतीत आणि जुन्या चाळींत पुनर्विकासाची आवराआवर चालू आहे. पेटीच्या तळाशी आजोबांच्या जन्मपत्रिकेची गुंडाळी सापडेल, कदाचित मोडीत लिहिलेली. तिच्यात जन्मवेळ असेल आणि कुणी कधीच न हाकारलेले नावरस नाव असेल. रद्दीवाल्याला देण्यापूर्वी ती उलगडा, मोडी येणाऱ्याकडून वाचून घ्या आणि ते नाव कुठेतरी उतरवून ठेवा.