भिल्लांचे बंड आणि सरकारी बंदोबस्त

दिवाळी उलटली की चलथाण, बारडोली ह्या भागांत ऊसतोडीला टोळ्या येऊ लागतात. हातात कोयता, पाठीवर संसार आणि मागे लेकरे अशा ह्या मंडळींत नंदुरबार व धुळे जिल्ह्यांतील भिल्ल बरेच असतात. साखर कारखान्यांची धुरांडी त्यांच्या कष्टांवर पेटतात. चलथाणच्या वस्तीत त्यांच्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. परंतु दोनशे वर्षांपूर्वी ह्याच लोकांच्या नावाने खानदेशातील बाजारपेठा संध्याकाळी लवकर बंद होत आणि कलेक्टरच्या कचेरीत अर्ध्या रात्री दिवे जळत. तो काळ समजून घेण्यासारखा आहे.

भिल्ल म्हणजे लुटारू, ही समजूत मुळात चुकीची होय. मराठी राज्यात खानदेशच्या गावोगावी भिल्ल हा जागल्या असे. रात्री गस्त घालावी, चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढावा, आणि तो माग दुसऱ्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवावा, म्हणजे पुढची जबाबदारी त्या गावची, अशी रीत होती. ह्या कामाबद्दल त्याला धान्याचा आणि क्वचित् रोख रकमेचा हक्क मिळे. डोंगरातील नाईकांनाही घाटवाटा राखण्याबद्दल असेच हक्क होते. हे हक्क म्हणजे भीक नव्हे, ते वतन होते.

इ. स. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजा खानदेशावरून फिरल्या आणि पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ पडला. गावेच ओस पडली, तेव्हा जागल्याला धान्य कोण देणार? भिल्ल सातपुड्यात आणि सातमाळ्याच्या रांगेत निघून गेले आणि ज्या गावांची राखण करीत होते तीच गावे लुटू लागले. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी ह्यावर जो उपाय केला तो आठवला तरी मान खाली जाते. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण ह्याने १८०४ मध्ये भिल्लांना सलोख्याच्या बोलण्यासाठी कोपरगावी बोलावले, दगा करून पकडले आणि पुष्कळांना विहिरींत लोटून मारले. चाळीसगाव, धरणगाव, अंतूर येथेही असेच प्रकार झाले. काही दिवस शांतता लाभली, पण तिची किंमत फार मोठी होती. ह्यापुढे सरकारच्या शब्दावर विश्वासून डोंगरातून खाली उतरेल असा नाईक उरला नाही.

१८१८ साली पेशवाई गेली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. कॅप्टन ब्रिग्ज ह्यांच्यापुढे हे बंड वारशाने आले होते. त्यांनी आणि एल्फिन्स्टनसाहेबांनी दोन्ही उपाय एकदम चालविले. सपाटीवरून डोंगरात जाणारी रसद तोडायची, पाठलाग करायचा, आणि शरण येणाऱ्या नाईकांना पेन्शन द्यायचे. चिल नाईक १८१९ मध्ये पकडला जाऊन फाशी गेला. एक नाईक गेला की दुसरा उभा राही. सातपुड्याच्या हिवतापाने शिपाई गळून पडत, ते निराळेच. सहा-सात वर्षे असे चालले आणि १८२५ मध्ये बागलाणात पुन्हा मोठा उठाव झाला. तोफा-बंदुकांना डोंगर दाद देत नाही, हे सरकारला तोवर कळून चुकले होते.

त्याच वर्षी खानदेशात तीन भिल्ल एजन्सी स्थापन झाल्या. धरणगावच्या एजन्सीवर जेम्स औट्रम हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट आला. भिल्लांचीच पलटण उभारायची, हे त्याला सोपविलेले काम. पकडण्यासाठी हा नवा डाव असेल अशी शंका भिल्लांना आली तर नवल नव्हते, कोपरगाव विसरले कोठे होते! औट्रम त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, त्यांच्यातच वावरला, आणि हळूहळू माणसे जमू लागली. पुढे ही पलटण मालेगावास गेली असता तेविसाव्या पलटणीतील उच्चवर्णीय शिपायांनी ह्या नव्या शिपायांना पान-सुपारी देऊन बरोबरीने वागविले, असा उल्लेख आहे. बंदुकीपेक्षा त्या विड्याने अधिक काम केले असावे. दुसऱ्या एजन्सींत पडीक जमीन, बैल आणि बियाणे ह्यांसाठी तगाई देऊन भिल्लांना नांगराला लावण्याचे प्रयत्न झाले.

ह्या धोरणाची वाखाणणी इंग्रज लेखकांनी पोटभर केली आहे. ती अगदीच खोटी नाही, कारण खानदेशातील रस्ते खरोखरच निर्धोक झाले. मात्र सरकारने दया केली, हे म्हणणे अपुरे आहे. जागल्याचे जे काम भिल्लांच्या हातून गेले होते, तेच गणवेश चढवून त्यांना परत दिले, एवढेच घडले होते. शिवाय भिल्लावर भिल्ल सोडण्याची सोय झाली ती वेगळीच. १८३० मध्ये औट्रम आपली पलटण घेऊन सुरतेलगतच्या डांगात तेथील भिल्ल राजांवर चालून गेला.

हा बंदोबस्त किती वरवरचा होता ते १८५७ मध्ये दिसले. सेंधव्याच्या घाटात सरकारी चाकरीत असलेला खाज्या नाईक आणि नगर जिल्ह्यातील पोलिसांत नोकरी केलेला भागोजी नाईक, दोघेही शिक्षा भोगून आलेले, बंडाचे पुढारी झाले. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणी येथे लढाई झाली. सरकारच्या बाजूने भिल्ल पलटणही होती. पकडलेल्या बंडवाल्यांना तेथल्या तेथे गोळ्या घालण्यात आल्या. भागोजी १८५९ मध्ये सिन्नर तालुक्यात लढताना पडला, खाज्या १८६० मध्ये दग्याने मारला गेला, आणि त्याचा साथीदार भीमा नाईक अंदमानात गेला.

त्यानंतर खानदेशात बंदुका थंडावल्या, पण जमीन सरकतच राहिली. १८७८ च्या जंगल कायद्याने रान राखीव झाले. सावकाराच्या वहीत अंगठा उठला की शेतही जाई. शहादे तालुक्यात तर असे दिवस आले की जमीनदारांनी पीक संरक्षण सोसायट्या काढून पगारी राखणदार ठेवले. ज्याच्या पूर्वजांनी गावाची राखण केली, त्याच भिल्लापासून आता पिकाची राखण होऊ लागली! १९७१ च्या मे महिन्यात पाटीलवाडी येथे आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. तेव्हा मात्र कोणी डोंगरात गेले नाही. अंबरसिंग महाराज आणि त्यांच्याबरोबरचे तरुण कार्यकर्ते ह्यांनी मेळावे घेतले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, आणि गेलेल्या जमिनींचे कागद उलगडून तलाठ्यापुढे मांडण्यात आले.

महाराष्ट्र सरकारने १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ ह्या मुदतीत बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी त्या कायद्याच्या कक्षेत आल्या. त्यापूर्वी, सावकारीच्या दीर्घ काळात जे गेले, ते कक्षेबाहेरच राहिले.