गंज कुठून सुरू होतो?

पावसाळा संपल्यावर मुंबईतल्या एखाद्या जुन्या इमारतीची मागची भिंत नीट पाहावी. खिडक्यांच्या खालच्या टोकांपासून काळे ओघळ उतरलेले असतात. पाइप जिथे गळतो तिथे शेवाळ धरलेलं असतं. जमिनीलगत ओल चढून लोणा लागतो, रंगाचे पोपडे सुटतात, आणि ग्रिलचे गज भिंतीत शिरतात तिथून तांबूस रेघा खाली येतात. यातली एकही खूण उगाच पडलेली नसते. पाणी कुठून आलं, कुठे थांबलं, कशाला चिकटलं, याची ती नोंद असते. सिनेमातलं जुनं शहर, व्हिडिओ गेममधली गल्ली किंवा पुस्तकाचं मुखपृष्ठ यांसाठी अशी भिंत संगणकावर घडवणाऱ्या कलाकाराचं खरं काम ही नोंद वाचण्याचं आहे. रंग लावणं त्यानंतर येतं.

संगणकाने काढलेली वस्तू मुळात नवीकोरी असते. तिच्या कडा धारदार, रंग सपाट. ‘ट्रॉन’ हा १९८२ सालचा चित्रपट संगणकीय दृश्यांसाठी गाजला. त्यावर काम केलेल्या कंपन्यांपैकी एकीत केन पर्लिन होते, आणि त्या दृश्यांतला यांत्रिक गुळगुळीतपणा त्यांना खटकत होता. त्यातून १९८३ साली त्यांनी एक गणिती रीत तयार केली. ती आज ‘पर्लिन नॉइज’ म्हणून ओळखली जाते. चौकोनांची जाळी घ्यायची आणि प्रत्येक छेदबिंदूला कोणतीही एक दिशा द्यायची. मधल्या जागांच्या किमती सभोवतालच्या बिंदूंवरून अशा काढायच्या की एका किमतीतून दुसरीत कुठेही धक्का न बसता जाता यावं. यातून मऊ, अनियमित ढग तयार होतात. मग जाळी निम्म्या मापाची करून तेच निम्म्या जोराने वर मिसळायचं, पुन्हा निम्म्या मापाचं, पुन्हा निम्म्या जोराने. अशा काही थरांनंतर पडद्यावर संगमरवराच्या शिरा, धूर, खडबडीत दगड दिसू लागतात. १९८५ साली पर्लिन यांनी ही रीत शोधनिबंधात मांडली आणि १९९७ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तिच्यासाठी त्यांना तांत्रिक पुरस्कार दिला.

फोटोशॉपमध्ये ‘ॲड नॉइज’ वापरलं की प्रत्येक ठिपका शेजाऱ्याची दखल न घेता बदलतो आणि चित्रावर बारीक वाळू पसरल्यासारखी दिसते. ‘क्लाउड्स’ फिल्टर मात्र पर्लिन यांच्या ढगांच्या जातकुळीतला. डागाचा आकार हवा असेल तर सुरुवात तिथून करावी.

पण या ढगाला वर-खाली कळत नाही. पाऊस कोणत्या बाजूने येतो, हे त्याला ठाऊक नसतं. ज्युली डॉर्सी यांनी पॅट हॅनरहन आणि इतर सहकाऱ्यांसोबत १९९६ साली मांडलेलं काम मला म्हणूनच फार मोलाचं वाटतं. त्यांनी पाण्याचा प्रत्येक थेंब एक कण मानला. तो पृष्ठभागावरून घरंगळतो, वाटेतली घाण विरघळवून सोबत नेतो, काही ठिकाणी मुरतो आणि उरलेला गाळ सोडून जातो. असे असंख्य थेंब इमारतीवरून किंवा पुतळ्यावरून सोडले की ओघळ आपोआप योग्य जागी उमटतात. त्याच वर्षी डॉर्सी आणि हॅनरहन यांनी तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या थराचं अनुकरण मांडलं, आणि १९९९ मध्ये डॉर्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दगडाच्या झिजेचं. आजचे बहुतेक कलाकार हे निबंध वाचत नाहीत. पण चांगला कलाकार हातात ब्रश असताना तोच थेंब मनात सोडून पाहतो.

दुकानाचं लोखंडी शटर घ्या. खाली पत्रा, त्यावर रेड ऑक्साईडचा हात, त्यावर जुना हिरवा ऑइल पेंट, वर नवा निळा. फोटोशॉपमध्ये लेअर १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आले, आणि जुनेपणा घडवण्यासाठी त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही, कारण शटरही थरांनीच बनलेलं असतं. चारही थर खालून वर त्याच क्रमाने रचायचे. वरच्या निळ्याला मास्क लावायचा आणि त्यात काळ्या रंगाने खरवडायचं. तिथे हिरवा दिसतो, हिरव्याच्या मास्कमध्ये जरा कमी खरवडलं की तांबडा, आणि अगदी मधोमध पत्रा. पोपड्याला जाडी असते, म्हणून प्रकाशाकडे तोंड असलेल्या कडेवर बारीक उजळ रेघ आणि उलट बाजूला तितकीच बारीक सावली हवी. ही रेघ विसरली की सुटलेला रंग पोपड्याऐवजी नकाशासारखा दिसतो.

शिकाऊ हात बहुधा वेगळं करतात. गंजाचा एखादा फोटो आणून शटरवर ‘मल्टिप्लाय’ने टाकतात. मल्टिप्लायमध्ये दोन्ही थरांच्या उजळपणाचा गुणाकार होतो. ०.५ आणि ०.६ यांचे ०.३, म्हणजे परिणाम नेहमी गडदच. मळाला आणि ओलीला ते चालतं. धुळीला चालत नाही, कारण धूळ वर बसून खालचं झाकते आणि काळ्या लोखंडाला उजळ करते. लोण्याचंही तेच. त्यांना साधा ‘नॉर्मल’ लेअर, थोडा पारदर्शक करून, पुरतो. ‘ब्लेंड इफ’च्या खुंट्या सरकवून खालच्या गडद भागातच घाण उमटवता येते आणि ती युक्ती उत्तमच आहे. मात्र चित्रातला गडद भाग म्हणजे खोलगट भाग असतोच असं नाही. शटरवर काळ्या अक्षरांत दुकानाचं नाव असेल, तर घाण खाचांऐवजी अक्षरांत भरते.

गंजाचा रंगही एक नसतो. नवा गंज नारिंगी, जुना काळपट तपकिरी. म्हणून मध्याशी गडद आणि कडेला उजळ ठेवला की डाग पसरतोय हे कळतं. ओघळ बोल्टखाली दाट सुरू व्हावा, उतरताना विरावा आणि पुढच्या पट्टीच्या कडेवर अडून थोडा आडवा पसरावा. सगळ्यात जास्त वेळा राहून जाते ती चमक. रंग चकाकतो, गंज चकाकत नाही. दिव्याचा पांढरा झोत शटरवरून जाताना गंजाच्या डागावर तुटला नाही, तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

उन्हाचं गणित आणखी वेगळं. सलूनच्या काचेत वर्षानुवर्षं उन्हात राहिलेलं पोस्टर निळसर पडतं, कारण छपाईतली किरमिजी आणि पिवळी शाई आधी उडते. निळी आणि काळी तग धरतात. असं पोस्टर करताना सगळेच रंग सारखे फिके केले तर ते राखाडी होतं, जुनं वाटत नाही.

त्रिमितीच्या कामात आता सबस्टन्स पेंटर सगळीकडे पोचलं आहे. फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँ इथे २००३ साली सुरू झालेल्या अलेगोरिदमिक या कंपनीची ही निर्मिती. २०१९ मध्ये ॲडोबीने ती कंपनी घेतली. वस्तूची वक्रता आणि खाचाखोचा मोजून हे सॉफ्टवेअर कडा झिजवतं, कोपऱ्यांत धूळ भरतं. कामाचा वेग त्याने प्रचंड वाढला, यात शंका नाही. तरी एका बटणावर मिळणारी झीज जशीच्या तशी वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. तिच्यात प्रत्येक कड सारखीच खरवडलेली असते. खरं दार कडीजवळ, हात पोचतो त्या उंचीला झिजतं आणि खाली लाथा लागतात तिथे. वरची कड कित्येकदा मूळ रंगातच असते, फक्त धुळीने भरलेली. म्हणून आपोआप मिळालेला मास्क घेऊन निम्म्याहून अधिक ठिकाणी तो हाताने पुसावा लागतो.

आणि माणसं वस्तू नुसती झिजवत नाहीत, दुरुस्तही करतात. डिजिटल जुनेपणातून हे हमखास सुटतं. आपल्याकडच्या भिंतीवर तडा गेला की सिमेंटचा पट्टा मारला जातो, गच्ची गळली की डांबर ओतलं जातं, शटरचा खालचा सडलेला पत्रा कापून नवा जोडला जातो आणि त्याला जवळपासचा, पण नेमका तोच नव्हे, असा निळा रंग मिळतो. हा जोड दाखवायचा तर तो जुन्या ओघळांच्या वरच्या लेअरवर बसायला हवा, कारण तो नंतर आला. जुना ओघळ जोडाच्या कडेशी तुटायला हवा. जोड बसल्यानंतर झालेल्या पावसाळ्यांचा पुसट नवा ओघळ तेवढा त्याच्यावरून खाली उतरवावा.