पाण्यावरचा तेलाचा तवंग पेंढ्याने निघतो का? जाणून घ्या

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' या जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेलं तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचलं. असा तवंग टिपणाऱ्या वस्तू पेण-रोह्यात सहज मिळतात: भाताचा पेंढा, नारळाचा काथ्या, पांढऱ्या सावरीचा कापूस.

हे कसं घडतं?
सावरीचा तंतू आतून पोकळ असतो आणि त्यावर नैसर्गिक मेणाचा थर असतो. म्हणून तो पाणी झिडकारतो, तेल मात्र ओढून घेतो. पेंढा पाणीही शोषतो. त्यामुळे तो कोरडाच पसरून लगेच उचलावा लागतो. १९६९ मध्ये अमेरिकेतील सांता बार्बराच्या किनाऱ्यावर पेंढाच वापरला होता.

मर्यादा काय?
बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात मिसळलेलं तेल असं निघत नाही. नदीत सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. त्यामुळे कुंडलिकाकाठच्या धाटाव एमआयडीसीसारख्या ठिकाणी पेंढा प्रक्रिया केंद्राची जागा घेऊ शकत नाही.

वापरलेल्या पेंढ्याचं काय?
तो गुरांना घालू नका, शेतात टाकू नका, उघड्यावर जाळू नका. खनिज तेल प्यायलेला पेंढा हा घातक कचराच असतो.