गाडीतले ऑईल कमी झाले तर?

मोटारसायकल ही आता कष्टकऱ्याच्या घरातही चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटेच्या पाळीला जाणारा कामगार, कामावर निघालेला गवंडी, घरोघरी पार्सल पोचवणारा तरुण, या सर्वांची भाकरी दोन चाकांवर अवलंबून असते. गाडी बंद पडली की कामावर खाडा पडतो आणि इंजिनाचे काम निघाले की महिन्याचे सगळे गणित कोलमडते. हे काम पुष्कळदा एका साध्या कारणाने निघते. ते म्हणजे इंजिनातले तेल कमी होणे.

याबाबत आपल्याकडे एक समजूत घट्ट बसलेली आहे. दोन कंपन्यांचे ऑईल एकत्र झाले की इंजिन खलास! त्यामुळे तेल कमी दिसले तरी ‘आपल्या कंपनीचा डबा मिळेल तेव्हा टाकू’ असे म्हणून लोक गाडी तशीच दामटतात. वाचकहो, ही समजूत महागात पडते. योग्य प्रकारची दोन तेले मिसळल्याने जेवढे बिघडते, त्याहून कितीतरी अधिक कमी तेलावर गाडी चालवल्याने बिघडते.

तेल जाते कुठे?

राजदूत, लूना, यामाहा आरएक्स १०० या जुन्या गाड्या टू-स्ट्रोक होत्या. त्यांत टू-टी ऑईल पेट्रोलबरोबर जळून जात असे. फोर-स्ट्रोक गाडीत तेल इंजिनाच्या तळाशी साठते आणि तेच पुन्हा पुन्हा फिरत राहते. म्हणून एकदा टाकले की पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत पाहायला नको, असे वाटते. पण पिस्टनच्या रिंगा झिजल्या की थोडे तेल वर चढून जळते, तर थोडे पॅकिंगमधून पाझरते.

शंभर सीसीच्या गाडीत मुळातच लिटरभराच्या आसपास तेल मावते. त्यातले पाव लिटर गेले म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा गेला! बहुतेक मोटारसायकलींत तेच तेल पिस्टन, गिअर आणि क्लच या तिघांनाही पुरते. शिवाय इंजिनाची उष्णताही तेच वाहून नेते. ते कमी पडले की उरलेले जास्त तापते, पातळ होते आणि धातूवर धातू घासू लागतो.

मिसळले तर काय होते?

इंजिन ऑईल म्हणजे मूळ तेल आणि त्यात घातलेली रसायने. काही रसायने काजळी धरून ठेवतात, काही झीज कमी करतात. बाजारात ‘सेमी-सिंथेटिक’ म्हणून जे मिळते, ते मिनरल आणि सिंथेटिक तेलांचे मिश्रणच असते. म्हणजे कंपनी स्वतःच मिसळून विकते. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या मानकांत तर तेल दुसऱ्या तेलांत नीट एकजीव होते का, याचीही चाचणी असते. लिंबू पिळल्यावर दूध नासते, तशी ही तेले नासत नाहीत.

२० डब्ल्यू-४० मध्ये थोडे २० डब्ल्यू-५० पडले, तर दाटपणा दोहोंच्या मधला येतो. गाडी बंद पडत नाही. मात्र प्रत्येक कंपनीने रसायनांचे प्रमाण आपापल्या परीने जुळवलेले असते, ते मिश्रणात थोडे ढळते. म्हणून शक्यतो गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच तेल टाकावे. मिसळणे ही अडचणीच्या वेळची सोय आहे, रोजची रीत नव्हे.

हे मात्र टाकू नका

कारचे तेल मोटारसायकलला वापरू नये. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींत क्लच प्लेटा तेलातच बुडालेल्या असतात. मायलेज वाढावे म्हणून कारच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी रसायने असतात. ती क्लच प्लेटांना लागली की प्लेटा घसरतात. इंजिन ओरडते, पण गाडी ओढत नाही. हे टाळण्यासाठी जपानमध्ये १९९८ साली मोटारसायकलच्या तेलासाठी ‘जासो’ हे मानक आले. गिअरच्या गाडीसाठी डब्यावर जासो एमए किंवा एमए २ पाहावे. जासो एमबी हे बिनगिअरच्या स्कूटरसाठी असते.

टू-टी ऑईल फोर-स्ट्रोक इंजिनात ओतू नये. सुटे, स्वस्त तेलही घेऊ नये. ते वापरलेले काळे तेल गाळून विकलेले असू शकते. आपला रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे त्यात कोणी बनावट माल भरणार नाही.

पातळी कशी पाहावी?

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. इंजिन तीन-चार मिनिटे चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटे थांबा. मग पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला आणि पाहा. पुष्कळ गाड्यांत पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, ते पुस्तिकेत पाहून घ्या. काही गाड्यांना पट्टीऐवजी काच असते. तेल खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये हवे. कमी असल्यास थोडे थोडे ओता. वरच्या खुणेपलीकडे गेले तर फेस होतो आणि तेल एअर फिल्टरपर्यंत चढते.

तेल काळे दिसले म्हणून घाबरू नका. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. पण दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशी बुडालेली गाडी सुरू करू नये. टॉप-अपही कामाचा नाही. सगळे तेल काढूनच टाकावे लागते.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वरून तेल टाकणे म्हणजे तेल बदलणे नव्हे. जुनी घाण आतच राहते. म्हणून तेल बदलल्याची तारीख आणि किलोमीटर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. तेल वारंवार कमी होत असेल तर मेकॅनिकला दाखवा. आणि सुट्टीच्या दिवशी पट्टी पाहताना घरातल्या मुला-मुलींनाही जवळ बोलवा. पाच मिनिटांचे हे काम येत असले, तर पुढे त्यांचाही पैसा वाचेल.