गोंदवण्याआधी अक्षर वाचून घ्या

मेळघाटातल्या कोरकू बाईच्या कपाळावरचं गोंदण किंवा वऱ्हाडातल्या आजीच्या हातावरची तुळस यांना कधी भाषांतर लागलं नाही. गोंदणारी, गोंदवून घेणारी आणि पाहणारे शेजारी या सगळ्यांना ती खूण ठाऊक असे. आज अमरावती-अकोल्याच्या टॅटू स्टुडिओत एखादा तरुण कॅटलॉगमधलं चिनी अक्षर निवडतो, तेव्हा बहुधा ते त्याला वाचता येत नाही, सुई धरणाऱ्यालाही नाही. खाली छापलेला 'शौर्य' हा शब्द एवढाच काय तो आधार. परकी लिपी अंगावर घेण्यात काहीच गैर नाही. पण चिनी अक्षर हा शब्द असतो, आणि शब्द निवडायचा तर आधी तो वाचायला हवा.

चिनी लिपीत आपल्यासारखी बाराखडी नाही. प्रत्येक अक्षराला एक उच्चार आणि बहुधा स्वतःचा अर्थ असतो. त्यामुळे इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांसमोर सव्वीस चिनी चिन्हं मांडणारे तक्ते निव्वळ खोटे आहेत. नाव लिहायचं तर उच्चाराचे तुकडे पाडून जवळची अक्षरं शोधावी लागतात. सातव्या शतकात भारतात आलेल्या चिनी प्रवासी ह्युएन त्संगाच्या प्रवासवर्णनात महाराष्ट्राचं नाव असंच चार अक्षरांत आलं आहे. आजच्या उच्चाराने ते साधारण 'मो-ह-ला-छा' होतं. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ 'चोळणे', दुसऱ्याचा 'दरडावणे'. म्हणजे नाव ध्वनीने जुळतं, अर्थाने नाही. रेषाही तितक्याच जपून पाहाव्या लागतात. 'मोठा' हे अक्षर तीन रेषांचं; त्याच्या उजव्या खांद्यावर टिंब दिलं की 'कुत्रा' होतो, पायांमध्ये दिलं की 'अति'. 'दिन' आणि 'दीन' यांतला फरक जाणणाऱ्या मराठी माणसाला याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

प्रत्येक अक्षर बिनचूक असूनही शब्द चुकू शकतो. 2019 मध्ये गायिका आरियाना ग्रांदे हिने 'सात अंगठ्या' या अर्थाने तळहातावर दोन जपानी अक्षरं गोंदवली. पहिलं 'सात', दुसरं 'कडं, चक्र'. पण ती जोडून जपानीत जो शब्द होतो, त्याचा अर्थ कोळशाची छोटी शेगडी. जपानीतही चिनी अक्षरं वापरतात, पण भाषा कोणती, यानेही अर्थ पालटतो. लेकीसाठी जपानी अक्षर गोंदवलं, तर तेच अक्षर चिनी वाचकाला 'आई' असं सांगेल. फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅमने पत्नीचं नाव देवनागरीत गोंदवलं, तेव्हा त्यात एक 'ह' जास्त असल्याची टीका झाली. 'व्हिक्टोरिया' असंच लिहिणाऱ्या मराठी वाचकाला मात्र तो 'ह' खटकणार नाही. शुद्ध-अशुद्ध ठरतं ते वाचणाऱ्याच्या भाषेवरून.

यावर कुणी म्हणेल, इथे हे वाचणार कोण? पण अर्थ नकोच असता, तर सुंदर नक्षीही चालली असती. अक्षर घेतलं ते अर्थासाठीच. मग तो अर्थ खरा असायला हवा. शिवाय आता कुणाच्याही मोबाइलचा कॅमेरा ते वाचून दाखवतो. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: शरीर माझं, अर्थ माझ्या मनातला. मनातल्या अर्थाला किंमत आहेच. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर ज्यांचं तीर्थ, त्या महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतकं सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. पण त्या लिपीची किल्ली पंथातल्या वाचणाऱ्यांकडे होती, म्हणून अर्थ टिकला. चिनी अक्षराची किल्ली तर शंभर कोटींहून अधिक लोकांच्या हातात आहे. एकट्याच्या मनाने ती बदलत नाही.

म्हणून आधी शब्द मराठीत पक्का करा, मग भाषा ठरवा: चिनी की जपानी. चिनी असेल तर जुनं वळण की सोपं केलेलं, हेही ठरवा. 'प्रेम' या अक्षरात जुन्या वळणात 'हृदय' आहे, सोप्या वळणात ते गळलं आहे. मग ती भाषा येणाऱ्या दोघांना वेगवेगळं दाखवा. चीनमध्ये एमबीबीएस करून आलेलं कुणी ओळखीत असेल, तर सुरुवात तिथून होऊ शकते. मात्र 'याचा अर्थ शौर्य ना?' असं विचारू नका. भिडेखातर होकार येतो. 'इथे काय लिहिलंय?' एवढंच विचारा. शेवटी स्टेन्सिल त्वचेवर उमटल्यावर त्याचा फोटो पुन्हा त्यांनाच पाठवा, म्हणजे उलटं बसलेलं अक्षर किंवा सुटलेलं टिंब वेळीच कळेल. दोघांनी न सांगता तोच अर्थ वाचला, की मग सुई लावू द्या.