ज्या प्रकरणाला पुढची तारीखच नाही

जिल्हा न्यायालयात वकिली करणाऱ्याची डायरी नीट पाहिली तर तिच्यात संगणकशास्त्रातली एक जुनी युक्ती सापडते. आजच्या पानावर प्रकरणाचा क्रमांक, पक्षकारांची नावे, मागची तारीख, आजचे काम आणि पुढची तारीख. मग तीच नोंद पुढच्या तारखेच्या पानावर उतरवायची. प्रत्येक नोंदीला फक्त आपल्या शेजारच्या नोंदींचा पत्ता ठाऊक. संगणकवाले या रचनेला ‘लिंक्ड लिस्ट’ म्हणतात. रचना स्वस्त, सुटसुटीत. दोष एकच, पण महागात पडणारा. कोर्टातून परतल्यावर कारकुनाने एक नोंद पुढच्या पानावर उतरवली नाही, की प्रकरण डायरीतून नाहीसे होते. ते कळते दावा गैरहजेरीत निकाली निघाल्यावर किंवा एकतर्फी हुकूम झाल्यावर.

दोन-तीन वकिलांच्या ऑफिसने सॉफ्टवेअर घ्यावे का, याचे उत्तर या दोषात आहे. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडली. प्रकरण एका तक्त्यात, अशील दुसऱ्यात, तारखा तिसऱ्यात, फी चौथ्यात, आणि एका ओळख क्रमांकाने सगळे जोडलेले. याचा खरा फायदा वेग नव्हे. डायरीला जो प्रश्न विचारताच येत नाही तो इथे विचारता येतो: ‘चालू असूनही ज्यांना पुढची तारीख नाही, अशी प्रकरणे दाखव.’ नसलेली गोष्ट शोधणे कागदाला जमत नाही. विक्रेता डेमो द्यायला आला की आधी ही यादी काढायला सांगावी. रंगीत आलेख नंतर पाहता येतील.

ओळख क्रमांक ई-कोर्ट्स प्रकल्पाने आयताच दिला आहे. सीएनआर क्रमांक सोळा स्थानांचा असतो: दोन अक्षरे राज्याची, दोन जिल्ह्याची, दोन अंक न्यायालयाचे, सहा अंक प्रकरणाचे आणि चार वर्षाचे. तो दिला की बरीच सॉफ्टवेअर्स तारीख आपोआप आणतात. मात्र ती शेवटची कधी आणली हे पडद्यावर दिसले पाहिजे. परवाची तारीख आजची म्हणून दाखवणारे सॉफ्टवेअर डायरीपेक्षा वाईट, कारण त्यावर माणूस निर्धास्त राहतो.

खरी परीक्षा मुदतीच्या गणिताची. चेक न वटल्याचे प्रकरण घ्या. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर फिर्यादीचे कारण घडते, आणि तिथून एक महिन्यात फिर्याद दाखल करायची. कायदा आधी ‘दिवस’ म्हणतो आणि शेवटी ‘महिना’. हा महिना कॅलेंडरचा. समजा, नोटीस १५ जानेवारी २०२५ रोजी मिळाली. तो दिवस सोडून पंधरा दिवस ३० जानेवारीला संपले, कारण घडले ३१ तारखेला. फेब्रुवारीत ३१ तारीख नाही, म्हणून महिना संपतो २८ फेब्रुवारीला, शुक्रवारी. महिना म्हणजे ३० दिवस असे धरणारा प्रोग्रॅम सांगेल २ मार्च. तो रविवार, म्हणून आपल्या हुशारीने तो आणखी पुढे सरकून सोमवार, ३ मार्च दाखवील. अशिलाची मुदत शुक्रवारीच गेलेली. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण सॉफ्टवेअर चुकले हे पुरेसे कारण आहे हे न्यायाधीशांना पटवायची वेळ कुणावर येऊ नये. डेमोत हेच उदाहरण टाकून पाहावे.

महाराष्ट्रातल्या ऑफिसची आणखी एक अडचण परदेशी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही येत नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकले जाते. एकात टिंब असलेला ऱ आणि हलंत. दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द. सॉफ्टवेअरने शोधापूर्वी दोन्ही रूपे एक केली नाहीत, तर निम्मे कुऱ्हाडे सापडणारच नाहीत. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टच्या सांकेतिक पद्धतीत टंकलेले दावे तर शोधात येतच नाहीत, कारण अक्षरांमागचे संकेतच निराळे असतात. स्कॅन केलेले कागद म्हणजे नुसती चित्रे.

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. नवे वकीलपत्र घेण्याआधी समोरचा पक्षकार पूर्वी आपलाच अशील होता का, हे तपासावे लागते. त्यात रोमन लिपीतली नावे आणखी घोळ घालतात. सारख्या उच्चाराची नावे जुळवणारी साउंडेक्स ही पद्धत रॉबर्ट रसेल यांनी १९१८ मध्ये पेटंट केली. ती नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवते, म्हणून ‘डब्ल्यू’चे वाघ आणि ‘व्ही’चे वाघ तिला दोन वेगळी घराणी वाटतात.

एआयने मसुदे लिहिण्याची जाहिरात आता प्रत्येक जण करतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ साली चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे सादर करणाऱ्या वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. एवढे लक्षात ठेवून पुढे जावे.

अशिलाने विश्वासाने सांगितलेले उघड न करण्याचे बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ने वकिलावर घातले आहे, सॉफ्टवेअर कंपनीच्या सोयीवर सोडलेले नाही. माहिती कूटबद्ध आहे असे प्रत्येक विक्रेता सांगतो. किल्ली कुणाकडे, हे विचारावे. ती कंपनीकडे असेल तर कंपनीलाही फाइल उघडता येते.

आणि पैसे भरण्याआधी एक काम करा. चाचणीच्या काळात दहा प्रकरणे कागदपत्रांसह भरा, ती सगळी साध्या एक्सेल आणि पीडीएफ रूपात बाहेर काढून मागा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. विक्रेता कां-कू करू लागला तर किंमत कितीही कमी असो, व्यवहार करू नका.